सत्तर सेंटीमीटर दोरीतलं स्पा

बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोर्शाँ या शर्यतीच्या ट्रॅकची लांबी ७.००४ किलोमीटर. फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या वेळापत्रकातला हा सगळ्यात लांब ट्रॅक. एकास दहा हजार प्रमाण धरलं तर तो सत्तर सेंटीमीटर दोरीत बसतो. लांबीचा प्रश्न असा चुटकीसरशी सुटला. खरा प्रश्न उंचीचा होता.

मी नागपुरात दृष्टिबाधित मुलांना भूगोल शिकवते. उठावाचे नकाशे करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. नदीला लोकर, शहराला साबुदाणा, सीमेला ओळीनं चिकटवलेली मोहरी. आमच्या मुलांची बोटं या खुणांना इतकी सरावली आहेत की मोहरी लागली की ती विचारतात, कोणती सीमा? परीक्षेत या मुलांना नकाशाऐवजी पर्यायी प्रश्न मिळतो. सवलत म्हणून ते ठीक. पण त्या सवलतीच्या आडोशानं वर्गातूनही नकाशा हद्दपार होतो, ते मला मुळीच मान्य नाही. नकाशा वाचता येणं हा या मुलांचाही हक्क आहे, आणि नकाशा सपाट असला तर तो अर्धाच.

नववीतल्या एका मुलीनं स्पाचा ट्रॅक मागितला. तिच्या मामाचं हिंगणा रोडला दुचाकींचं गॅरेज आहे. आवाजावरून कोणती गाडी आत आली हे ती सांगते. मोबाइलवर शर्यतीच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ ती ऐकते. गिअर कुठे पडला, कुठे चढला, सगळं पाठ. "मॅडम, सगळे त्या वळणाशी ओ रूज, ओ रूज करून राहिले असतात. तिथं आहे काय?" मी शब्दांत सांगून पाहिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तर मलापण माहीत आहे."

मग खोके जमवले. साध्या खोक्याचा पुठ्ठा तीनेक मिलिमीटर जाडीचा असतो. एक थर म्हणजे दहा मीटर उंची असं ठरवलं. स्पाच्या सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागेत सुमारे १०० मीटरचा फरक आहे, म्हणजे दहा थर. समोच्च रेषा कार्बननं उतरवून प्रत्येक थर कापला, आणि कडा पायऱ्यांसारख्या लागू नयेत म्हणून वर कागदाचा लगदा थापला. आजच्या ट्रॅकला गुळगुळीत नायलॉनची दोरी. जुन्या ट्रॅकचा जो भाग सोडून दिला, त्याला खरखरीत सुतळी. सुतळीखाली उठाव केला नव्हता, ती पाटावर सपाट उतरवली होती. तिला हे आधीच सांगून ठेवलं. स्टार्टच्या जागी खाच, आणि ओ रूज हा खराखुरा ओढा असल्यामुळे त्याला तांब्याची तार.

एप्रिलात आमची शाळा सकाळची असते. तरी नऊनंतर कूलरशिवाय वर्गात बसवत नाही. त्या दिवशी तिनं कूलर बंद करायला लावला, कारण तिला पुढे आवाज ऐकायचा होता. बाकीची मुलं कुरकुरली, पण पाटाभोवती गोळा झाली.

आधी दोन्ही तळवे सगळ्या पाटावरून फिरवून तिनं आवाका घेतला. मग डाव्या हाताचं बोट खाचेत रोवलं आणि उजव्या हाताची तर्जनी दोरीवर ठेवली. पहिलंच वळण ला सूर्स, उजवीकडे जवळजवळ उलटं फिरणारं. तिथून दोरी उतरते. बोट उतरत उतरत तांब्याच्या तारेला टेकलं, डावीकडे वळलं, लगेच उजवीकडे, आणि तिथं थांबलं.

"मॅडम, हे तर वर चढून राहिलं."

हेच रेदियाँ. ओढ्यापाशी तळ गाठून गाडी उजवीकडे चढते आणि माथ्यावर पुन्हा डावीकडे वळते. चालकाला चढताना माथ्यापलीकडचं दिसत नाही. ती बराच वेळ तेवढ्याच दोन बोटं जागेवर खालीवर करत राहिली. मग म्हणाली, "कॉमेंट्रीवाले 'वर, वर' म्हणत. मला वाटे, ती बोलायची पद्धत आहे."

इतकी वर्षं शिकवते आहे, पण उंची वगळून शिकवलेला भूगोल मुलांच्या मनात काय होऊन बसतो, हे इतक्या स्पष्ट शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. सातपुडा, सह्याद्री, दख्खनचं पठार, हे सगळं त्यांच्यासाठी बोलायची पद्धतच असणार.

पुठ्ठ्यातला चढ खऱ्यापेक्षा तिप्पट आहे, कारण आडवं प्रमाण दहा हजाराचं आणि उभं त्याच्या तिसऱ्या हिश्शाचं. हे सांगितल्यावर तिला खरा चढ हवा झाला. रेदियाँचा चढ सुमारे १७ टक्के, म्हणजे मीटरभर लांबीला सतरा सेंटीमीटर. बाकाची फळी काढली, मीटरभरावर खूण केली आणि एक टोक पुस्तकं रचून तेवढं उचललं. शेजारी दुसरी फळी ठेवली, शहरातल्या उड्डाणपुलाची. पुलांचे चढ साधारण तीसला एक असतात, म्हणजे मीटरला तीन-साडेतीन सेंटीमीटर. दोन्ही फळ्यांवर तिनं हात फिरवला. मामाच्या गाडीवर मागं बसून पूल चढताना इंजिनाचा आवाज कसा जड होतो, ते तिला ठाऊक होतं. "याच्या पाचपट," ती स्वतःशीच बोलली.

रेदियाँनंतर केमेलची लांब सरळ वाट चढतच ले कॉम्बला जाते, तिथं माथा. आणि तिथंच दोरीला फाटा फुटतो. नायलॉन उजवीकडे वळून खाली उतरतं, सुतळी डावीकडे लांब निघून जाते.

तिनं सुतळी धरली. मी सांगत गेले. १९२० मध्ये ज्यूल द तिए आणि हेन्री लांग्ल्वा व्हान ओफेम यांनी फ्रँकोर्शाँ, मालमेदी आणि स्तावलो या तीन गावांना जोडणारे रोजचे रस्ते घेऊन हा त्रिकोण आखला. १९२१ च्या ऑगस्टमध्ये मोटारींची शर्यत ठेवली, तर एकच गाडी आली, म्हणून मोटरसायकलींची शर्यत झाली. १९२४ मध्ये चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, १९२५ मध्ये ग्रां प्री. तेव्हा रेदियाँ नव्हतंच. ओढा ओलांडल्यावर वाट डावीकडे जुन्या जकात नाक्याकडे जाऊन तिथून माघारी वळायची. १९३९ मध्ये तो वळसा काढून सरळ चढाचा रस्ता केला.

ओढ्याशी तिच्या बोटाला मोहरी लागली होती, ती तिनं आता विचारली. शर्यतीच्या रस्त्यात सीमा कुठली? पहिल्या महायुद्धापर्यंत मालमेदी जर्मनीत होतं आणि सीमा या ओढ्यानं जायची. युद्धानंतर तो मुलूख बेल्जियमला मिळाला, नाका ओस पडला, आणि लगेच तिथून शर्यतीचा रस्ता गेला.

तिचं बोट बुर्नेनव्हिल, मालमेदी करत मास्ताला पोहोचलं. दोन लांब सरळ वाटांच्या मधोमध, घरांना खेटून जाणारं वळण. १९६६ च्या शर्यतीत सुरुवातीला रस्ता कोरडा होता आणि पहिल्याच फेरीत दूरच्या टोकाला मुसळधार पाऊस. स्पाला हे नेहमीचं आहे. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सर. आठ गाड्या पहिल्याच फेरीत बाद झाल्या. चालक जॅकी स्टुअर्टची गाडी मास्तापाशी रस्ता सोडून गेली. टाकी फुटून पेट्रोल अंगावर, पाय अडकलेला, मदतीला यंत्रणा नाही. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोन चालकांनी आपल्या गाड्या सोडून त्याला बाहेर काढलं, तेही एका प्रेक्षकाकडून नट खोलायचे पाने मागून आणून, स्टिअरिंग काढून. त्यानंतर स्टुअर्ट गाडीत स्टिअरिंगजवळ पाना चिकटवून ठेवू लागला आणि शर्यतींच्या सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षं भांडला.

"आता पाना लागत नाही," गॅरेजवाल्यांची ती भाची लगेच म्हणाली. "स्टिअरिंग हातानंच निघते. शर्यत संपली की टक्‌ आवाज येते."

१९६९ मध्ये चालकांच्या विरोधामुळे इथली शर्यत झालीच नाही. १९७० मध्ये जुन्या १४.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शेवटची शर्यत झाली. इतर शर्यती चालू राहिल्या. १९७३ मध्ये आंरी पेस्कारोलोनं मात्रा गाडीतून ताशी २६२ किलोमीटरच्या सरासरीनं फेरी मारली, गावच्या रस्त्यांवरून! १९७९ मध्ये सुतळीचा भाग सोडून आजचा निम्म्या लांबीचा ट्रॅक झाला आणि १९८३ मध्ये फॉर्म्युला वन परतली. लोक जुन्या स्पाच्या आठवणीनं उसासे टाकतात. माझं मत सरळ आहे, ट्रॅक कापला ते योग्यच केलं. आणि जे राखायला हवं होतं, तो ओढा आणि तो चढ, ते राखलं.

"मंग उरलेला रस्ता कुठं गेला?" सातवीतल्या एका मुलानं विचारलं. कुठेच नाही. आजही तिथून लोक रोज ये-जा करतात. मुलांना हे फार आवडलं.

मग मोबाइलवर एका फेरीचा आवाज लावला. फेरी पावणेदोन मिनिटांची. तिनं बोट खाचेवर ठेवलं आणि आवाजाबरोबर निघाली. ला सूर्सला बोट पुढे जाऊन थांबलं, आवाज मागून आला. केमेलवर उलटं झालं, आवाज पळाला आणि बोट मागे राहिलं. पुन्हा लावला. आता ती वळणाआधी बोट आवरत होती. पूआँच्या दुहेरी डाव्या वळणावर गाडीनं फारसा वेग सोडला नाही, तिनंही सोडला नाही. स्तावलोपाशी तळ लागल्यावर "आता चढ," असं पुटपुटली आणि ब्लाँशिमाँकडे सुसाट गेली. शेवटच्या 'बस स्टॉप' नावाच्या वळणांत मात्र बोट अडलं. तिथली उजवी-डावी वळणं या प्रमाणात इतकी जवळ येतात की दोरी एकच लागते. त्या वळणाचा चौपट मोठा वेगळा तुकडा तिनं मागितला आणि तो मी दुसऱ्या आठवड्यात करून दिला.

आता ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची मागणी आली आहे. २०११ ते २०१३ तिथं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं, म्हणजे एक्कावन्न सेंटीमीटर दोरी. मी दोरी मोजायला घेतली, तेव्हा तिनं अडवलं.

"आधी चढ किती ते बघा ना मॅडम. दोरी मंग कापा."