ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेलं

बाबांना जठराचा कॅन्सर निघाला तेव्हा आम्हाला एकच घाई होती, लवकर काढून टाका. सर्जननी मात्र वजनाचे आकडे पाहिले. तीन महिन्यांत 62 वरून 54. म्हणाले, "दोन आठवडे थांबू. आधी यांना खाऊ घाला." कॅन्सर आत ठेवून खाऊ घालत बसायचं? मी जरा आवाज चढवूनच विचारलं. इतकं वजन उतरलेल्या माणसाच्या जखमा लवकर भरत नाहीत, आतला जोड सुटू शकतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी बाबांना काल काय खाल्लं ते विचारलं. चहा-खारी, वरणभात, साबुदाण्याची खीर, रात्री पेज. हवं होतं रोज 65 ते 80 ग्रॅम प्रोटीन, पोटात जात होतं त्याच्या निम्मंही नाही. आजारी माणसाला हलकं द्यावं म्हणून आई राबत होती, आणि साबुदाण्यात तर स्टार्चशिवाय फारसं काही नसतं.

मग सुरू झालं पनीर, मुगाचं धिरडं, दुधात दूध पावडर. आईच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, म्हणून मी गॅलरीत इंडक्शन मांडलं. रोज तीन अंडी, म्हणजे साधारण 18 ग्रॅम प्रोटीन. आई तिकडे पाठ करून तुळशीला पाणी घालायची.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी पाण्याची बाटलीही लपवली होती. पण भूलतज्ज्ञ म्हणाले, जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल.

ऑपरेशनमध्ये पूर्ण जठर काढलं. दुसऱ्या दिवसापासून आतड्यात बसवलेल्या नळीतून हळूहळू फीड. दर वेळी नंतर कोमट पाण्याने नळी धुवायची, नाहीतर ती तुंबते. हे मला नर्सताईंनी दोनदा ओरडून शिकवलं.

घरी आल्यावर आईने कौतुकाने गोड शिरा केला. वीस मिनिटांत बाबांना दरदरून घाम, छातीत धडधड. आम्ही गाडी काढायच्या बेतात. फोनवर कळलं, थांबवून धरायला जठरच नाही, गोड थेट आतड्यात उतरतं म्हणून असं होतं. तेव्हापासून दिवसातून सात वेळा अर्धी वाटी, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, आणि बी-12चं इंजेक्शन कायमचं.

दर रविवारी वजन करतो. काट्यावर चढताना बाबा आधी चष्मा काढून ठेवतात आणि म्हणतात, "तूच वाच."