रंधा मधल्या खणात

रविवार, १३ जुलै २०२५

सकाळी रंधा हवा होता. रंधा मधल्या खणात, आणि मधला खण उघडेना. पावसानं फुगून चौकटीत असा रुतून बसला होता की मूठ हातात आली. त्याला सोडवायला काय हवं? रंधा.

हे चहाचा कप घेऊन दारात उभे. बोलले काहीच नाहीत, पण कप जरा जास्तच वेळ तोंडाला लावून धरला होता.

पाडव्याला लोक गाडी घेतात, आम्ही जुनी विकली. तिची जागा मी सुतारकामाला मागून घेतली, दहा फूट बाय आठ फूट. यंदाच्या गणपतीला घरात केलेला सागवानी चौरंग, एवढाच बेत होता. आईच्या जुन्या पलंगाच्या दोन फळ्या त्यासाठीच ठेवल्यात. पण हत्यारं पिशवीत असताना काम कसं सुरू करायचं? आधी मांडणी करू म्हटलं. ती करता करता एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. फळ्या अजून कोपऱ्यातच.

भिंतीचं काम मात्र झकास झालंय, ते कबूल करायलाच हवं. सहा सुती प्लायची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) एक आख्खी शीट, आठ फूट बाय चार. तिच्या पट्ट्या पाडल्या, कटरचं पातं ४५ अंशांवर तिरकं करून. निम्म्या पट्ट्या रावल प्लग मारून भिंतीला आडव्या ठोकल्या, धार वर आणि भिंतीकडे उतार. उरलेल्या उलट्या करून हत्यारं ठेवायच्या एकेका अडकवणीच्या पाठीला. अडकवणी वरून सोडली की उतारावर उतार बसतो आणि वजनानं ती भिंतीकडेच ओढली जाते. खिळा नाही, हूक नाही. पटाश्यांची पट्टी आज डावीकडे, उद्या नको वाटली तर उचलून उजवीकडे. स्वयंपाकघराचा ओटा असा हलवता आला असता तर तीस वर्षं कंबर वाचली असती.

स्क्रूंसाठी आईचा मिसळणाचा डबा. मोहरीच्या वाटीत अर्धा इंची, जिऱ्याच्या वाटीत पाऊण इंची, हिंगाच्या डबीत बारीक टेकस खिळे. चार वेळा घासला, तरी झाकण उघडलं की हिंग येतोच. परवा शेजारची मुलगी विचारत होती, काकू, स्क्रूंना फोडणी देता का?

लोणच्याच्या बरण्यांचं मात्र फसलं. झाकणं फळीच्या पोटाला स्क्रूनं बसवायची आणि बरणी खालून फिरवून लावायची, दिसायला फार सुरेख. प्रत्यक्षात एका हातात लाकूड धरलेलं असताना दुसऱ्या एका हातानं बरणी फिरवताना दोनदा पाऊसच पडला खिळ्यांचा. काढून टाकल्या.

आणि मग ते तीन खण. लाकूड भोसरीच्या भंगारवाल्याकडून, पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन. घेताना प्रत्येक फळीवरचा शिक्का बघून घेतला. गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी एचटी असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली असते, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी. धुरीचं नको म्हणून सगळं बाजूला काढलं. एवढी अक्कल तिथे चालवली, ती खण बसवताना कुठे गेली होती कोण जाणे.

सुतारकाका तेव्हाच म्हणाले होते, "ताई, चॅनल टाका." मला चॅनल, म्हणजे त्या लोखंडी सरकपट्ट्या, नको होते. लाकडावर लाकूड सरकलं पाहिजे, असा हट्ट. "मग बाजूच्या पाटीला वर एक सूत जागा सोडा." मी अर्धंच सूत सोडलं. एप्रिलच्या कोरड्या हवेत खण असा सळसळत आत जायचा की शेवटी हवेची फुस्स ऐकू यायची. येईल त्याला तीनदा उघडून दाखवला असेल.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, ते रुंदीत फुगतं. माझ्या खणांच्या बाजू म्हणजे आडव्या रेषांच्या पाट्या, त्यामुळे सगळी फूग उंचीत. वरचा खण तीन इंची, तो कुरकुरत का होईना उघडतो. मधला सहा इंची, म्हणजे फूगही दुप्पट. आणि माझं ते अर्धं सूत जूनमध्येच संपलेलं.

वाचवलं ते माझ्या चिकटपणानं. दोन खणांच्या मध्ये आडवी फळी घालायची असते. प्लाय वाचवायला मी ती घातलीच नव्हती. वरचा खण पूर्ण बाहेर काढला, पोकळीतून कोपरापर्यंत हात घातला, आधी रंधा वर काढला, मग मोगरीचं टोक मागच्या पाटीला मागून लावून पुढे ठोकत राहिले. अकराव्या-बाराव्या ठोक्याला खण सुटला आणि थेट माझ्या मांडीवर.

रंध्याच्या पात्यावर तांबूस गंज, बोट लावलं की बोटाला यायचा. बारीक पॉलिश पेपर, मग शिलाई मशीनचं तेल. मागे खोबरेल लावून बघितलं होतं, ते चिकट होऊन बसतं. काकांना फोन केला, आता किती तासू, उन्हाळ्यात ढिला तर नाही पडणार? म्हणाले, "आत्ताच तासा. पावसात सरकला तर बाराही महिने सरकतो. उन्हाळ्यात खुळखुळेल थोडा, खुळखुळू द्या." तासला. दमट पाइनच्या साली सरळ निघतच नव्हत्या, पात्याच्या तोंडात बोळा होऊन अडकायच्या. खालच्या पट्टीवर मेणबत्ती घासली. आता खण जातो. फुस्स नाही होत.

रंधा परत त्यात ठेवणार नाही. भिंतीवर अडकवणी करणार, तेवढी जागा आहे.

गणपतीला ४५ दिवस. जेवताना यांनी विचारलंच, चौरंग बाजारातून बघायचा का? नाही म्हटलं. उद्या पायांची आखणी. पण फळ्या काढायच्या तर आधी त्यांच्यापुढचा तुकड्यांचा ढीग हलवायला लागेल. टाकवत तर एकही नाही. त्यांच्यासाठी एक उभा खोका केला पाहिजे. छोटासाच.