दीर्घलेखांच्या वाचनकट्ट्यात जाताना

मासिकांतला एखादा मोठा लेख सगळ्यांनी आधी वाचायचा आणि मग एकत्र बसून त्यावर बोलायचं, असा हा वाचनालयातला कट्टा. पण वाचनालयाचा सभासद झालो की कट्ट्यात प्रवेश मिळाला, असं नसतं. बऱ्याच वाचनालयांत पुस्तकांची आणि मासिकांची वर्गणी वेगवेगळी असते, आणि दीर्घलेखांच्या कट्ट्याला लागते ती मासिकांची. छापील अर्ज, आधारची झेरॉक्स, फोटो, अनामत, पहिली वर्गणी. काही जुन्या संस्था एखाद्या सभासदाची ओळख म्हणून सहीही मागतात. अनामतीची पावती नीट ठेवावी. सोडताना तीच दाखवावी लागते.

इथवर सोपं आहे. गाडी अडते ती लेख हाती येण्यापाशी. अंकाची प्रत बहुधा एकच. ती कुणीतरी घरी नेली की बाकीचे नुसते काउंटरवर चौकशी करत राहतात, आणि दिवाळीनंतर तर विचारूच नका. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, वीसवीस पानांचा लेख छापायची ऐपत आजही मुख्यतः याच अंकांत आहे. पण सभासदांना अंक आळीपाळीने घरी देणारी वाचनालयाची दिवाळी अंक योजना सुरू झाली की अंक हातोहात फिरतो. म्हणून आम्ही निवडलेला अंक चर्चेपर्यंत देवघेवीतून काढून मुक्तद्वार विभागात ठेवायला ग्रंथपालांना सांगतो. तिथे बसून कुणालाही वाचता येतो. ‘साधना’सारख्या साप्ताहिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मिळतात, तेवढी धावपळ वाचते.

जुन्या अंकांच्या बांधीव खंडातून झेरॉक्स काढायची असेल तर शिवणीकडची अक्षरं पाहून घ्या. ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं तिथे हमखास गिळली जातात, आणि खंड दाबून सपाट केला तर शिवण उसवते. पानांचे आकडेही कडेला कापले जातात. त्यामुळे झेरॉक्सवर पेन्सिलीने परिच्छेदांना क्रमांक घालावेत. कुणी मोबाइलवर वाचत असेल, कुणी कागदावर; ‘परिच्छेद 14’ म्हटलं की सगळे एका जागी येतात.

आठ हजार शब्दांचा लेख मिनिटाला 160 शब्दांच्या वेगाने पन्नास मिनिटं घेतो. चर्चेच्या आदल्या रात्री तो उरकता येतो, पण दुसरं वाचन होत नाही आणि बोलण्यासारखं बहुतेक दुसऱ्या वाचनातच सापडतं. अनुवादित लेख असेल तर तो संक्षिप्त केलेला आहे का, हे तळटिपेत आधी पाहावं. नाहीतर संपादकाने गाळलेल्या मजकुराबद्दल लेखकाला बोल लावला जातो.

दीड तास आणि आठ-दहा माणसं हे प्रमाण जमतं. बारांपुढे निम्मे श्रोतेच होतात. चर्चा घसरते ती एकाच वाटेने. लेख धरणग्रस्तांवर असला की पाचव्या मिनिटाला सगळे सरकारवर बोलू लागतात आणि लेख बाजूला पडतो. यावर एकच उपाय चालतो: पहिला अर्धा तास फक्त लेखावर. लेखक प्रत्यक्ष कुठे गेला, कुणाशी बोलला, कुणाशी बोललाच नाही, आकडे कुठून आले? ‘आवडला’ म्हणणाऱ्याने परिच्छेद दाखवायचा. हे थोडं मास्तरकीचं वाटतं खरं, पण एरवी टीव्हीवर चालतं तेच इथे होतं.

पुढचा लेख सुचवणाऱ्याने तो शेवटपर्यंत वाचलेला असावा आणि अंक सोबत आणावा. योजना संपल्यावर काही वाचनालयं दिवाळी अंक स्वस्तात काढून टाकतात. त्याची तारीख काउंटरवर विचारून ठेवावी.