आक्कांची माणसं

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्याच, डोंगरावरनं परत आलं की ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. त्यादिवशी आमच्या गल्लीतल्या आक्कांचं घर बघावं. आक्का तृतीयपंथी, यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची परडी-टोपली, डोक्यावर घेणाऱ्या. पहाटेच एक चेला, म्हणजे त्यांची शिष्या, भाकऱ्या थापत बसलेली, दुसरी वांगी चिरतेय, गाजरं आणि कांद्याची पात सुपात काढून ठेवलेली, आणि आक्का मधनंच ओरडतायत, अगं आंबिलीचं मीठ बघ की आधी.

लोकांना टाळ्या आणि जोगवा एवढंच दिसतं. आत नात्यांचा केवढा गोतावळा असतो! गुरू, चेला, चेल्याची चेला ती नातीचेला, एका गुरूचे सगळे गुरुभाई, गुरूची गुरू ती दादगुरू. घरातनं हाकललेलं पोरगं कुठंतरी स्टँडवर सापडतं, गुरू रीत लावून, म्हणजे चेला करून घ्यायचा विधी करून, चारचौघांत त्याला आपलं म्हणते, तिथनं पुढं त्याचं खाणंपिणं, दुखणं, भांडणं सगळं गुरूच्या अंगावर आणि गुरूचं म्हातारपण चेल्यांच्या. सगळं गोडच असतं असं नाही हं. कमाईतला वाटा द्यावा लागतो, गुरू बदलायचा तर पंच बसतात, दंड भरावा लागतो, काही गुरू जाचही करतात. पण रक्ताच्या घरात जाच नसतो काय?

मागं आक्कांचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्यात सहीवरनं अडलं. चेला फाईल घेऊन उभी, कुठली गोळी किती वाजता ते तिला तोंडपाठ, आणि तिलाच विचारतात, नातेवाईक कोण आहे? शेवटी गावाकडच्या भावाला फोन लावला, ज्यानं कित्येक वर्षं आक्कांचं तोंड बघितलं नव्हतं. तो दुपारी आला, सही केली, चहा पिऊन गेला. रात्रभर पायाशी चेलाच बसून होती. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथी ओळख मान्य केली, चांगलंच झालं. पण तृतीयपंथींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात कुटुंब म्हणजे रक्ताचं, लग्नाचं किंवा कायदेशीर दत्तक, बस. घरचे सांभाळू शकत नसतील तर कोर्टानं पुनर्वसन केंद्रात पाठवायचं. गुरूचं नावच नाही त्यात! खरंतर १९९० मध्येच मध्य प्रदेश हायकोर्टानं एका घराच्या वादात वारसा गुरू-चेल्यांतच चालतो ही रूढी मान्य केली होती. आणि मे २०२५ मध्ये मद्रास हायकोर्ट म्हणालं की कुटुंब काय फक्त लग्नानंच होतं असं नाही, आपण निवडलेली माणसं पण कुटुंबच. ते प्रकरण एकमेकींच्या जोडीदार असलेल्या दोन मुलींचं होतं, पण आक्कांच्या घराला ते जसंच्या तसं लागू पडतं असं मला वाटतं.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आक्कांनी बँकेत नॉमिनी म्हणून चेल्याचं नाव लावलं, त्याला रक्ताचं नातं लागत नाही. मृत्युपत्र पण केलं, साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, फक्त दोन साक्षीदार हवेत. एक सही माझी आहे. तुमच्या गल्लीत अशी कुणी आक्का असेल तर तिला हे सांगा आणि साक्षीदार लागला तर तुम्ही व्हा.