कलेच्या पुस्तकातलं सामानसुमान

मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, आणि चित्राचं म्हणाल तर रांगोळीच्या ठिपक्यांच्या पुढे गाडी कधी गेलीच नाही. पण गाण्यावरची, चित्रांवरची, वाद्यांवरची पुस्तकं मात्र मी अधाशासारखी वाचते. ठाण्यात राहण्याचा एक फायदा म्हणजे १८९३ सालापासून चालू असलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय गावातच आहे, त्यामुळे ही हौस स्वस्तात भागते. नवऱ्याचं म्हणणं, पोहायला न येणाऱ्याने पोहण्यावरची पुस्तकं वाचून काय मिळवायचं. मी उत्तर देत नाही, कारण तो स्वतः युरोपातल्या फुटबॉलबद्दल तासन्‌तास बोलतो आणि जिन्याचे दोन मजले चढला की धापा टाकतो.

तर इतकं वाचून माझी एक परीक्षा तयार झालीये. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं आणि बघायचं की त्या पानावर हाताला लागेल अशी एखादी वस्तू आहे का. तार, दोरा, कागद, खळ, खिळा, काहीही चालेल. नसेल आणि नुसतेच 'दैवी सूर', 'स्वरांची बरसात', 'रसिक न्हाऊन निघाले' असं असेल तर पुस्तक परत जागेवर. न्हाऊन निघाले म्हणजे नक्की काय झालं हो? गवई काय करत होता, कुठल्या स्वरावर किती वेळ थांबला, तबलजीने तेव्हा काय केलं, ते सांगा ना. लेखक भारावून गेला हे कळतं, पण त्याच्या भारावण्याशी मला काय करायचंय, मला पण जरा भारावू द्या की!

उलट तबल्याची शाई घ्या. तबल्यावरचा तो काळा गोल लहानपणी मला नुसता रंग वाटायचा, शोभेला लावलेला. मग वाचलं की ती लोखंडाची बारीक पूड आणि पिठाची खळ असं कालवून थरावर थर देत, प्रत्येक थर दगडाने घासत घासत बसवतात, आणि घासताना तिला ज्या बारीक भेगा पडतात त्या पडायलाच हव्यात, नाहीतर ती पुडी, म्हणजे तबल्याचं ते कातडं, कडक होऊन बसेल आणि हलणारच नाही. आणि याची गंमत पुढेच आहे. साध्या ताणलेल्या कातड्यावर टिचकी मारली तर त्यातून निघणारे वरचे नाद एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाचा आवाज 'धाड' असा येतो, त्याला नीट सूर असा नसतो. शाईच्या वजनाने ते नाद रांगेत येतात आणि तबला सुरात लागतो. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं, नोबेलच्या दहा वर्षं आधी. पण हे ज्या कारागिरांनी हाताने शोधून काढलं त्यांची नावं कुठल्याच पानावर नाहीत, ते आपले पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाची पूड घासत बसले.

पखवाजाचं तर त्याहून भारी, त्याच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावतात. आमच्या सोसायटीत भजन असतं तेव्हा पखवाजवाले काका आले की आधी स्वयंपाकघराच्या दारातून आवाज, "वहिनी, जरा कणकेचा गोळा द्या, घट्ट नको." सासूबाई तो गोळा अशा मापाने देतात की काकांना परत मागावं लागत नाही. आता या बाईला खर्ज म्हणजे काय हे विचारलं तर ती म्हणेल मला बाई गाण्यातलं काही कळत नाही. पण पखवाजाचा तो खोल खर्ज लागतो तो तिने भिजवलेल्या कणकेवर.

तंबोऱ्याचंही असंच. चार तारा, ना बोटांनी दाबायच्या ना पडदे, मग त्यातून तो भरलेला, गुंजत राहणारा आवाज येतो कुठून? तर घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या बारक्या तुकड्यातून. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज उघडतो नाहीतर मिटतो, त्याला जवारी म्हणतात. मिरजेच्या सतारमेकर मंडळींचं अख्खं घर या कामात असतं. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, तो वाळवायचा, कापायचा, मग पुढचं सगळं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला ती बातमी आपल्याकडे एक दिवस फिरली आणि संपली. मला विचाराल तर तंबोऱ्यावर एखादं चांगलं जाडजूड पुस्तक हे शंभर सत्कारांपेक्षा बरं.

आता कोणी म्हणेल, मग भातखंडेंच्या पुस्तकांचं काय, त्यात कुठे तार नि दोरा? बरोबर आहे, क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत नुसती अक्षरंच आहेत, सा रे ग म, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, म वर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार सप्तक, तालातल्या समेला फुली आणि तालातल्याच 'खाली'ला शून्य. पण ही टिंबं-रेघा म्हणजे पण सामानच की. वकिलीची परीक्षा पास झालेला हा माणूस, उस्ताद लोक आपली चीज, म्हणजे बंदिश, सहजासहजी देत नसत त्या काळात गावोगाव फिरून बंदिशी गोळा करत राहिला आणि त्या छापता येतील अशा केल्या. छापखान्यातल्या माणसाला खिळे जुळवताना काय घाम फुटला असेल! माझी मैत्रीण घणसोलीला गाणं शिकते, तिच्या बाई आजही बंदिश वहीत हाताने लिहून तिचा फोटो ग्रुपवर टाकतात, कारण मोबाईलवर म वरची उभी रेघ टाईप करता करता क्लास संपून जाईल. शंभरेक वर्षांनी एवढी प्रगती झालीये.

गाण्याच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्यालय इथे वाशीला, ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याहून सरळ जाता येतं. या परीक्षांच्या शास्त्राच्या पेपरसाठी जी गाईडं मिळतात ती पण मी चाळलीत. राग भूप, थाट कल्याण, जाती औडव-औडव, वादी ग, संवादी ध, रात्रीचा पहिला प्रहर. पोरं हे पाढ्यासारखं म्हणतात. कोरडं आहे, पण खोटं नाही, आणि मला 'स्वरांची बरसात'पेक्षा हे दहापट आवडतं. निदान घरी पेटी असेल तर म आणि नी सोडून बाकीच्या पट्ट्या दाबून बघता येतं की भूप वाटतंय का.

चित्रकलेत मात्र गाईडांनी कहर केलाय. मुलगा एलिमेंटरीला बसला होता तेव्हा स्मरणचित्राचं पुस्तक आणलं, त्यात बाजाराचं चित्र, बसस्टॉपचं चित्र, सगळीकडे तीच पाटीवाली बाई, तोच पाठमोरा माणूस. म्हणजे स्मरण कुणाचं, तर पुस्तकवाल्याचं! समोर जांभळी नाका आहे, जाऊन तासभर उभं राहा, भाजीवाल्या कशा बसतात ते बघ म्हटलं तर क्लासवाले म्हणाले ताई, असं केलं तर ग्रेड जाईल. दहावीला वाढीव मार्क मिळतात ना या परीक्षांचे, मग पोरांचं तरी काय चुकतं.

रंगांच्या पुस्तकांवर पण माझा जीव आहे. मुलाच्या रंगपेटीतली नावं वाचत बसते, बर्न्ट सिएना म्हणजे इटलीतल्या सिएना गावची माती भाजून केलेली, प्रुशियन ब्लू म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये एकजण लाल रंग करायला बसला आणि भेसळीच्या पोटॅशमुळे निळा झाला. आणि अल्ट्रामरीन, त्याचा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून युरोपात जायचा आणि तिकडचे चित्रकार तो जपून जपून येशूच्या आईच्या, मेरीच्या, वस्त्रापुरता वापरायचे, इतका महाग. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनवायला जमला आणि भाव धाडकन उतरला. कुठपर्यंत उतरला, तर आमच्या आईच्या बादलीपर्यंत. पांढऱ्या युनिफॉर्मला घालायची ती नीळ पावडर म्हणजे हाच अल्ट्रामरीन. आई नीळ जास्त झाली की वैतागायची आणि मी शाळेत फिकट निळ्या शर्टात जायचे, मेरीच्या रंगात. हे वाचलं तेव्हा मी ऐरोलीला उतरायचं सोडून रबाळ्याला पोचले होते, पण ते जाऊ दे.

ती मोठाली गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं मात्र मला नकोत. किंमत बघून आधी पोटात गोळा येतो, आणि त्यात चित्राची लांबी-रुंदीसुद्धा कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. चित्र भिंतीएवढं आहे की वहीएवढं हे आधी नको का कळायला?

आता माझी एक मागणी आहे. बेंजोवर पुस्तक हवंय. गणपतीत, हळदीला आपल्याकडे जी बेंजो पार्टी वाजते ते वाद्य मूळचं जपानी, नागोयात १९१२ साली तायशोगोतो म्हणून निघालं, टाईपरायटरसारख्या पट्ट्या दाबून वाजवायचं. ते इकडे येऊन बुलबुल तरंग झालं, मग त्याला कुणीतरी पिकअप लावला, अँप लावला, आणि ते कोळीगीतं वाजवायला लागलं ते आजतागायत. तर त्या पट्ट्या आता कशाच्या करतात, तारा कुठल्या चालतात, पावसात विसर्जनाला वाजवताना शॉक लागू नये म्हणून काय गुंडाळतात, पोरं कुणाकडे शिकतात, नोटेशन लिहितात की नुसतं कानाने, आणि एका हळदीचे किती घेतात. कळवा, बेलापूर, उरण असं फिरून कुणीतरी हे लिहावं. फक्त प्रस्तावनेत 'लोकसंगीताचा हा अनमोल ठेवा' असं लिहिलंत तर मी घेणार नाही, आधीच सांगून ठेवते.