गंज कोण घासतं?

लग्नाच्या शूटिंगमध्ये माणसं आपणहून कॅमेऱ्यासमोर येतात. आत्याबाई पदर सावरून विचारतात, "माझा आला का रे?" अकरा वर्षं हेच काम केल्यामुळे कॅमेरा दिसला की लोकांना आनंदच होतो, असा माझा समज झालेला. नागपुरातल्या सदरमधल्या आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम हाती घेतलं तेव्हाही तो तसाच होता.

मंडळीतर्फे दर गुरुवारी संध्याकाळी मेडिकलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटतात. मेडिकल म्हणजे आमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, कुठून कुठून लोक येतात. पेशंटला खाट मिळते. सोबतचा माणूस व्हरांड्यात चादर टाकून पंधरा-पंधरा दिवस काढतो. या कामासाठी अर्पण सगळेच देतात, पण गुरुवारी तिथं जाणारे तेच ते दहा-बारा जण. बाकीच्यांनाही काम दिसावं म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी उपासनेत तीन मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचं ठरलं.

पहिल्या मीटिंगमध्ये त्या तीन मिनिटांतली अडीच इतिहासातच गेली. एकाला सुरुवात १८४५ साली नागपुरात आलेल्या मिशनरी स्टीफन हिस्लॉपपासून हवी होती. दुसऱ्याला १८८३ चं हिस्लॉप कॉलेज हवं होतं. तिसऱ्याने आठवण दिली की सी.एन.आय.ची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला झाली ती आपल्या नागपुरातच, आणि तारीखही जवळच आलीय. एक वयस्कर पंच म्हणाले, मत्तयाचा सहावा अध्याय काढा, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, मग व्हिडिओ कायले? त्यावर खजिनदार म्हणाले, "दर महिन्याला पावती डाव्या हातालेच फाडा लागते ना! त्याले कळू नको?" पाळकसाहेब हसले आणि मला म्हणाले, "तू खिचडीपासून सुरू कर."

गुरुवारी दुपारी दोनलाच पोचलो. हॉलच्या मागच्या अंगणात महिला मंडळाच्या बायका बारा किलो तांदूळ आणि चार किलो मूगडाळ निवडून-धुऊन बसलेल्या. एका मावशींच्या तोंडाजवळ कॅमेरा नेला तर त्या झारा उगारून म्हणाल्या, "माझं तोंड काहून काढतं? गंज काढ ना! काम तो करून राहिला." गंज म्हणजे मोठं पातेलं; विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं. मी हसलो, दोन शॉट गंजाचे घेतले आणि पुन्हा तोंडांकडे वळलो.

मेडिकलला अंधार पडता पडता रांग लागली. गर्दीत शिरलो की लोक अवघडतात, म्हणून मी लांब उभा राहून मोठ्या लेन्सने टिपत होतो. तेव्हा हे फार सभ्यपणाचं वाटलं होतं. रांगेत एक सत्तरीचे बाबाजी होते. खांद्यावर दुपट्टा, हातात स्टीलचा डबा. झाकण उघडून त्यांनी डबा पुढे केला, खिचडीची वाफ वर आली आणि मागच्या ट्यूबलाइटचा उजेड नेमका त्या वाफेत पडला. स्लो मोशनमध्ये घेतलेला तो बारा सेकंदांचा शॉट बघून मीच स्वतःवर खूश झालो. आठ वाजता निघालो, कारण फुटाळा तलावावर एका प्री-वेडिंगवाल्यांना वेळ दिली होती. घाईत साउंड रेकॉर्डर टेम्पोच्या फाळक्यापाशी चालूच राहिला. तो दुसऱ्या दिवशी तरुण संघाच्या पोरांनी आणून दिला.

शनिवारपर्यंत व्हिडिओ तयार होता. पहिलाच शॉट बाबाजींचा. फक्त संध्याकाळचा व्हरांडा हवा होता, म्हणून परत मेडिकलला गेलो. ट्रायपॉड लावतोय तोच मागून आवाज आला.

"तुमीच होते ना जी त्या दिवशी? तिकून फोटू काढून राहिले होते?"

तेच बाबाजी. वणीकडचे. बायको सर्जरीच्या वॉर्डात, ऑपरेशन होऊन चार दिवस झालेले. मला वाटलं, खूश होतील, म्हणून मोबाईलवर व्हिडिओच लावून दिला. त्यांनी मोबाईल दोन्ही हातांत धरून शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर पुन्हा पहिला शॉट लावायला सांगितला. मग विचारलं, "हे कुठी लागन?"

"आमच्या चर्चमधी. दोनेकशे लोक असतात, बस."

"अन् मोबाईलवर?"

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणारच होता. मी खरं ते सांगितलं.

"मंग गावात याले किती येळ लागते, बाबू?" आवाज चढलेला नव्हता. "पोळ्याले माह्या घरी पंधरा माणूस जेवते. सालदार जेवते, त्याचं घर जेवते. माह्या जावयानं हे पायलं त मी काय सांगू?"

काढतो म्हणालो. वर, शॉट किती सुंदर आलाय हेही त्यांना समजावायला लागलो. आता आठवलं की कानशिलं तापतात. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अन् मी गंज घासला, ते काहून नाही काढलं?"

मला कळेचना. तेव्हा समजलं की वाटप संपल्यावर बाबाजी आणि आणखी दोघं नळावर बसून सगळी भांडी घासून देतात. त्या गुरुवारीच नाही, त्याच्या आदल्याही. "फुकट कायले खाचं?" एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मी त्या वेळेस फुटाळ्यावर नवरदेवाला फुगे धरायला सांगत होतो.

त्यांच्या देखत मोबाईलवरचा व्हिडिओ डिलीट केला. निघताना रेकॉर्डरची आठवण आली. तो भांड्यांजवळच चालू राहिला असणार. विचारलं, "बाबाजी, नुसता आवाज आला त चालन का?"

"आवाजाले कोन ओळखते? राहू द्या."

घरी येऊन फाइल उघडली. एक तास चाळीस मिनिटं. शेवटी शेवटी नळाची धार, तारेच्या घासणीची खरखर, आणि बाबाजी कुणाला तरी सांगताहेत, "बुडाले लागलेली काढ, बुडाले! वरून त कोनीही घासते." ते वाक्य मी चार वेळा ऐकलं. रात्री तीनपर्यंत बसून सगळे चेहरे काढले. उरलं ते गंज, झारा, पुढे येणारे डबे, टेम्पोचा फाळका. शेवटची चाळीस सेकंद रिकाम्या गंजाचा स्थिर शॉट आणि त्यावर तो आवाज. संगीत लावलं नाही. व्हॉट्सॲपवरून पाठवला तर चित्र फाटतं, म्हणून पेन ड्राइव्हवर घेतला.

रविवारी गंमत झाली. आमच्या चर्चच्या पूर्वेकडच्या उंच खिडक्यांतून नऊचं ऊन थेट पडद्यावर. मी चाचणी घेतली होती ती संध्याकाळी, अंधारात! व्हिडिओ सुरू झाला तर पडद्यावर राखाडी डागांशिवाय काही नाही. पोरं सतरंजी घेऊन खिडकीकडे धावली, ती अर्ध्यातच लोंबकळत राहिली. मी मागे घामाघूम. पण स्पीकर चांगले होते. खरखर सुरू झाल्यावर खोकणंही थांबलं. "बुडाले लागलेली काढ"ला बायकांच्या बाकांवर हशा पिकला, आणि झारेवाल्या मावशी मोठ्यानेच म्हणाल्या, "अवं, हे कोन घासून राहिलं? मी समजे पोट्टे घासते!"

बाहेर चहाच्या वेळी खजिनदारांनी गाठलं. "बाकी ठीक आहे, पण माणसंच नाहीत व्हिडिओत. लोकांले पटन कसं?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं, मागच्या वर्षीच्या फोटोंनी अर्पण वाढलं होतं. मी एवढंच म्हणालो की, गुरुवारी या, माणसं तिथं असतात. त्यांना ते आवडलं नाही.

मेडिकलमध्ये मी बाबाजींच्या देखत डिलीट केला होता तो मोबाईलवरचा. मूळ शॉट हार्ड डिस्कवर होताच. अकरा वर्षांत एवढा चांगला चेहरा मला मिळालेला नव्हता. रविवारभर तो ठेवला, दोनदा उघडून बघितला. सोमवारी दुपारी काढला. रिसायकल बिनमधूनही.