टक्का वाढतो, तेल वाढतंच असं नाही

नायट्रोजनचा पुरवठा तोडला की क्लोरेला (एकपेशीय हिरवं शैवाल) तेल साठवते. प्रथिनं बनणं थांबतं, पेशी विभागत नाहीत. पण दिवा चालू असतो आणि कार्बन आत येतच राहतो. तो आधी बहुतेक स्टार्चमध्ये जातो, मग तेलाच्या थेंबांत. त्यामुळे पहिल्या ४८ तासांत माप घेऊन हिरमुसू नये.

खरा घोळ टक्क्यांत आहे. समजा, नायट्रेट (नायट्रोजन पुरवणारा क्षार) भरपूर असलेलं कल्चर, म्हणजे पाण्यात वाढवलेलं शैवाल, लिटरमागे रोज ३०० मिलिग्रॅम सुकं वजन देतंय आणि तेल १५ टक्के आहे. म्हणजे रोज ४५ मिलिग्रॅम तेल. पहिल्यापासून कमी नायट्रेटवर ठेवलेल्या कल्चरमध्ये तेल ४० टक्के, पण वाढ सरासरी ८० मिलिग्रॅम; म्हणजे ३२. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा १९७८ ते १९९६ चा शैवाल-प्रकल्पही याच भिंतीला धडकला होता.

म्हणून आधी वाढवा, मग उपाशी ठेवा. बीजी-११ या पोषक द्रावणात, म्हणजे मीडियममध्ये (लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट) २५ ते २८ अंशांवर, १-२ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा सोडून, कल्चर लिटरला १ ग्रॅम सुक्या वजनापर्यंत न्यावं. ३००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट) १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करून नायट्रेट नसलेल्या मीडियमने दोनदा धुवावं. नायट्रेटबरोबर सोडियमही गेलेलं असतं, ते भरून काढायला लिटरला १.०३ ग्रॅम मीठ घालावं. आणि नायट्रोजनची एक चोरवाट: बीजी-११ मधलं लोह फेरिक अमोनियम सायट्रेट म्हणून येतं आणि कोबाल्ट नायट्रेट म्हणून. मात्रा किरकोळ, पण "नायट्रोजनविरहित" लिहायचं असेल तर फेरिक सायट्रेट आणि कोबाल्ट क्लोराइड वापरलेलं बरं.

धुतलेल्या पेशी नायट्रेट नसलेल्या मीडियममध्ये पुन्हा घोळताना दाटी बघा. लिटरला अर्धा ग्रॅम ठीक. फार दाट ठेवलं तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला प्रकाश कमी येतो आणि आठवडा उलटला तरी फ्लास्क हिरवागारच राहतो. नीट चाललं असेल तर काही दिवसांत गडद हिरवा पोपटी होतो, मग पिवळट. पेशी क्लोरोफिल मोडून त्यातला नायट्रोजन वापरतात.

कल्चर किती प्रकाश अडवतं यावरून वाढ मोजतात, आणि हा रंगच त्या मापात दगा देतो. ६८० नॅनोमीटरवर क्लोरोफिल प्रकाश शोषतं, त्यामुळे वजन वाढत असूनही आकडा उतरतो. ७५० वर वाचावं. तिथेही पेशी फुगल्याने आकडा चढतो, म्हणून शेवटी सुकं वजनच घ्यायचं. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने काढून वजन केलेल्या 'तेला'त रंगद्रव्यंही येतात आणि हिरव्या कल्चरचं तेल फुगवून दिसतं. तुलना करायची तर तेलातल्या मेदाम्लांचे मिथाइल एस्टर बनवून ते गॅस क्रोमॅटोग्राफीवरच मोजावेत. नाइल रेड (तेलाला चिकटून चमकणारा रंग) चटकन अंदाज देतो, पण क्लोरेलाच्या जाड भिंतीतून तो आत शिरत नाही. सुमारे २०-२५ टक्के डीएमएसओ (रंग आत नेणारं द्रावक) लागतं. ते न घालता "तेल शून्य" असं निदान झालेली कल्चरं कमी नाहीत.

उघड्या तळ्यात काढणी संध्याकाळी करावी. रात्रभर पेशी श्वसन करतात आणि दिवसा कमावलेल्यातलं बरंच जाळून टाकतात.